स्तनाच्या कर्करोगात संकेतवाहक प्रथिनांवरून रोगाचा अंदाज कसा बांधावा: ब्लॉकपासून आकडेमोडीपर्यंत

स्तनाच्या कर्करोगाची गाठ प्रयोगशाळेत आली की ईआर (इस्ट्रोजेन रिसेप्टर), पीआर (प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर) आणि हर-२ या तीन चाचण्या ठरलेल्या असतात. रिसेप्टर म्हणजे निरोप पकडणारे प्रथिन. तिन्हींचा संबंध पेशीतल्या निरोपांच्या देवाणघेवाणीशी आहे. ईआर इस्ट्रोजेनचा निरोप घेऊन केंद्रकातली जनुके चालू करतो. पीआर हे त्याच जनुकांपैकी एकाचे उत्पादन असल्यामुळे तो दिसला की ईआर नुसता हजर नाही, कामही करतो आहे हे कळते. हर-२ पेशीच्या पडद्यावर बसून शेजारच्या रिसेप्टरशी जोडी जमवतो आणि वाढीचा निरोप आत धाडतो. हा निरोप पुढे नेणाऱ्या पी-एकेटी, पी-ईआरके (‘पी-’ म्हणजे फॉस्फेट लागलेले) आणि त्याला आवर घालणाऱ्या पीटेन या प्रथिनांवर शोधनिबंधांचे ढीग आहेत, तरी रोजच्या रिपोर्टात ती दिसत नाहीत. त्यांचे जीवशास्त्र कच्चे आहे असे नाही. ईआर आणि हर-२ गाठ कापल्यानंतरही बऱ्यापैकी टिकतात, फॉस्फेट लागलेली प्रथिने मात्र टिकत नाहीत, हे यामागचे मोठे कारण आहे. म्हणून स्लाइडवरचा तपकिरी रंग (शोधलेले प्रथिन जिथे आहे तिथे अँटिबॉडीने उमटणारा) रुग्णाच्या पेशीतला आहे की आपल्या हाताळणीतून आलेला, ही शंका पहिल्या पायरीपासून शेवटपर्यंत मनात जागी ठेवावी लागते.

आधी प्रश्न नेमका करा

अंदाज सांगणारा मार्कर (खूण ठरणारे प्रथिन) आणि उपचाराला प्रतिसाद सांगणारा मार्कर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला सांगतो, या रुग्णाचा आजार पुढे कसा वागेल. दुसरा सांगतो, अमुक औषधाचा हिला तमुक रुग्णापेक्षा जास्त फायदा होईल का. हर-२ मध्ये दोन्ही गुण आहेत, म्हणून घोळही सर्वात जास्त त्याच्याच बाबतीत होतो. १९८७ मध्ये हर-२ जनुकाच्या प्रती वाढलेल्या रुग्णांचा आजार लवकर उलटतो असे दाखवले गेले, तेव्हा तो निव्वळ वाईट अंदाजाचा मार्कर होता. १९९८ मध्ये अमेरिकेत ट्रास्टुझुमॅब या हर-२ विरोधी औषधाला मान्यता मिळाली आणि पुढे हे औषध सुरुवातीच्या टप्प्यातल्या आजारातही रुळले. त्यानंतरच्या रुग्णांमध्ये तोच हर-२ पूर्वीइतका वाईट अंदाज दाखवत नाही. प्रथिन तेच आहे, बदलले आहेत उपचार. जुने आणि नवे रुग्ण एकाच संचात मिसळले तर निघणारा आकडा धड या काळाचा नसतो, धड त्या काळाचा.

म्हणून काम सुरू करण्यापूर्वी एका वाक्यात लिहून ठेवा: कोणते रुग्ण, कोणत्या उपचारानंतर, कोणते प्रथिन, कोणती घटना, किती वर्षांत. उदाहरणार्थ, ‘ईआर पॉझिटिव्ह, हर-२ निगेटिव्ह, काखेतल्या लसिका गाठींत आजार न पोचलेल्या, फक्त हार्मोनविरोधी गोळ्या घेतलेल्या रुग्णांत पीटेन हरवल्यास दहा वर्षांत दूरच्या अवयवात आजार पसरण्याचा धोका वाढतो का?’ वाक्य इतके अरुंद करायला संकोच वाटतो, पण अरुंद प्रश्नालाच उत्तर मिळते. ‘हे औषध कोणाला लागू पडेल’ हा तुमचा प्रश्न असेल, तर औषध घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही गट लागतात, शक्यतो यादृच्छिक चाचणीतले (म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखे गट पाडलेले). औषध घेतलेल्यांच्याच गटातून त्याचे उत्तर निघत नाही.

कोणते प्रथिन, आणि ते साखळीत कुठे बसते

पडद्यावर हर-२ आणि त्याच्याच कुटुंबातले ईजीएफआर, हर-३. त्यांच्याखाली दोन मोठ्या वाटा फुटतात. एक पीआय३के, एकेटी, एमटॉर अशी जाते आणि पीटेन हा तिचा ब्रेक आहे. दुसरी रास, राफ, मेक, ईआरके अशी उतरते. दोन्ही वाटा शेवटी पेशीचक्राला ढकलतात, आणि त्या ढकलण्याचा परिणाम केआय-६७ मध्ये, म्हणजे विभाजनाच्या चक्रात असलेल्या पेशींच्या केंद्रकातल्या प्रथिनात, दिसतो. केआय-६७ स्वतः निरोप नेत नाही, पण वरच्या सगळ्या निरोपांची बेरीज तिथे दिसते, म्हणून तुलनेला तो हवाच.

निवड करताना माझे मत सरळ आहे: तुम्हाला हव्या त्या वाटेवरचे जे प्रथिन सर्वात टिकाऊ असेल ते आधी घ्या. एकेटी वाटेबद्दल प्रश्न असेल तर पी-एकेटीआधी पीटेन पाहा. शक्य असेल तर पीआयके३सीए जनुकातले बदलही तपासा. ईआर पॉझिटिव्ह, हर-२ निगेटिव्ह गाठींपैकी साधारण ४० टक्क्यांत ते सापडतात, आणि डीएनए फॉस्फेटसारखा अर्ध्या तासात उडून जात नाही. मात्र जनुकात बदल आहे म्हणजे वाट पेटलेली आहेच असे गृहीत धरू नका.

ऊती: इथेच बहुतेक काम बिघडते

गाठीचा रक्तपुरवठा तुटला की पेशी लगेच मरत नाहीत. त्यांच्यातले फॉस्फेट काढणारे एन्झाइम चालू असतात, आणि ऑक्सिजन नसल्यामुळे ताणाचे निरोप उलट वाढूही शकतात. त्यामुळे उशिरा फॉर्मलिनमध्ये (ऊती आहे तशी स्थिर करणाऱ्या द्रावणात) गेलेल्या गाठीत पी-एकेटी खोटा कमी दिसतो, तर काही ताणप्रथिने खोटी जास्त दिसतात. फॉस्फो-प्रथिनांसाठी हिशेब मिनिटांचा आहे. ईआर, पीआर, हर-२ साठी मान्य मर्यादा अशी: गाठ शरीराबाहेर आल्यापासून फॉर्मलिनमध्ये जाईपर्यंत १ तासापेक्षा जास्त नको, आणि फॉर्मलिनमध्ये ६ ते ७२ तास.

प्रत्यक्षात एवढे कराच:

गाठ काढल्याची वेळ आणि फॉर्मलिनमध्ये टाकल्याची वेळ, दोन्ही विनंतीपत्रावर लिहून घ्या. नुसती तारीख पुरत नाही. वेळ न लिहिलेला नमुना फॉस्फो-प्रथिनांच्या अभ्यासातून वगळा, मग त्याने संख्या कितीही कमी होवो.

पूर्ण स्तन किंवा मोठा तुकडा अखंडच फॉर्मलिनमध्ये बुडवून ठेवू नका. फॉर्मलिन ऊतीत ढोबळमानाने तासाला १ मिलिमीटर शिरते. चरबीयुक्त ऊतीत त्याहून हळू. आधी कडांना शाई लावा, मग ५ मिलिमीटर जाडीचे काप करा, कापांमध्ये कागद किंवा गॉज ठेवा आणि १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिन ऊतीच्या निदान दहापट घ्या. काप न करता रात्रभर ठेवलेल्या गाठीत कडेला ईआर ठसठशीत आणि मध्ये फिका दिसतो. वाचणारा त्याला गाठीचे वैविध्य समजतो, पण तिथे फक्त फॉर्मलिन पोचलेले नसते.

सुईने घेतलेली बायोप्सी लगेच फॉर्मलिनमध्ये पडते आणि बारीक असल्यामुळे लवकर स्थिर होते. म्हणून पी-एकेटी, पी-ईआरके आणि केआय-६७ साठी शस्त्रक्रियेतल्या गाठीपेक्षा ती बरी. पण ती बारीक आहे म्हणून तासाभरात पुढच्या प्रक्रियेला लावण्याचा मोह टाळा. सहा तास तिलाही लागतात. अपुरे फॉर्मलिन झालेली ऊती पुढे अल्कोहोलमध्ये घट्ट होते आणि ईआर खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. एकाच अभ्यासात काही रुग्णांची बायोप्सी आणि काहींची गाठ असे मिसळू नका. मिसळावेच लागले तर नमुन्याचा प्रकार विश्लेषणात घ्या.

हाडातली गाठ असेल तर तीव्र आम्लाने चुना काढलेल्या ऊतीवर हर-२ ची जनुकचाचणी जवळपास निरुपयोगी ठरते, आणि इतर चाचण्यांचाही भरवसा नसतो. ईडीटीएने हळूहळू चुना काढा, किंवा दुसऱ्या जागेचा नमुना मागा.

ब्लॉक, म्हणजे ऊती बसवलेले मेणाचे ठोकळे, कोरड्या, थंड जागी वर्षानुवर्षे टिकतात. त्यांचे कापलेले सेक्शन (पातळ काप) मात्र हवेत शिळे होतात. कापल्यापासून सहा आठवड्यांत रंगवा. अभ्यासाचे सगळे सेक्शन एकदम कापून कपाटात ठेवले आणि वर्षभर थोडेथोडे रंगवले, तर उशिरा रंगवलेल्या रुग्णांत मार्कर आपोआप कमी भरतो.

रंगवण्याची पद्धत

ऑटोस्टेनर (स्लाइड आपोआप रंगवणारे यंत्र) असेल तर त्याचा ठरलेला कार्यक्रम वापरा. पद्धत बसवताना किंवा बिघाड शोधताना हाताने काय करायचे ते खाली आहे.

१. ४ मायक्रॉन जाडीचे सेक्शन धन विद्युतभाराच्या स्लाइडवर घ्या. ६० अंश सेल्सियसला तासभर वाळवा. इथे घाई केली तर पुढच्या उकळत्या बफरमध्ये सेक्शन सुटून तरंगतो.

२. झायलीनमध्ये पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या, मग १००, ९५, ७० टक्के अल्कोहोल, मग पाणी. मेण राहिले तर रंगात ढगांसारखे कोरे ठिपके पडतात.

३. प्रतिजन (अँटिबॉडी जिथे चिकटते तो प्रथिनाचा भाग) मोकळे करणे. सायट्रेट बफर: ट्रायसोडियम सायट्रेट डायहायड्रेट २.९४ ग्रॅम १ लिटर पाण्यात, पीएच ६.०, ट्वीन-२० अर्धा मिलिलिटर. ट्रिस-ईडीटीए बफर: ट्रिस १.२१ ग्रॅम आणि डायसोडियम ईडीटीए ०.३७ ग्रॅम १ लिटरमध्ये, पीएच ९.०, ट्वीन तेवढेच. ९५ ते ९८ अंशांना २० मिनिटे ठेवा, मग त्याच बफरमध्ये २० मिनिटे निवू द्या. कोणता बफर हे अँटिबॉडीवर ठरते. अंदाजाने ठरवू नका, दोन्ही करून बघा. पीएच मीटरची सुई ०.३ ने सरकली तरी फिका रंग देणारी अँटिबॉडी फसते.

४. ऊतीतले स्वतःचे पेरॉक्सिडेज थांबवण्यासाठी ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, १० मिनिटे.

५. अडवणी, म्हणजे अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून. फॉस्फो-अँटिबॉडी असेल तर दुधाची पावडर नको. दुधातले केसीन स्वतःच फॉस्फेट लागलेले प्रथिन आहे, त्यामुळे पार्श्वभूमी तपकिरी होऊ शकते. ५ टक्के बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन किंवा सामान्य सीरम वापरा. धुण्यासाठीही फॉस्फेट बफर न घेता ट्रिस बफर घ्या: ट्रिस ६.०५ ग्रॅम, मीठ ८.७६ ग्रॅम, १ लिटर, पीएच ७.६, ट्वीन ०.०५ ते ०.१ टक्के.

६. पहिली अँटिबॉडी. ईआरसाठी एसपी१, हर-२ साठी ४बी५, केआय-६७ साठी एमआयबी-१, पीटेनसाठी १३८जी६, एकेटीच्या सेरीन ४७३ साठी डी९ई हे क्लोन (अँटिबॉडीचे ठरावीक वाण) चांगले परिचित आहेत. पातळपणा पत्रकातून घ्या, पण त्याच्या दुप्पट आणि निम्म्या प्रमाणातही करून पाहा. ज्या प्रमाणात पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह नियंत्रणांतला फरक सर्वात मोठा दिसतो ते प्रमाण घ्या. सर्वात गडद दिसणारे प्रमाण बहुधा चुकीचे असते. खोलीच्या तापमानाला ३० ते ६० मिनिटे, फॉस्फो-अँटिबॉडीसाठी ४ अंशांना रात्रभर.

७. पॉलिमर-एचआरपी (पहिल्या अँटिबॉडीला चिकटणारे एन्झाइम) ३० मिनिटे, मग डॅब (त्या एन्झाइममुळे तपकिरी होणारे रसायन) ५ ते १० मिनिटे. प्रत्येक स्लाइडला सारखाच वेळ द्या. सूक्ष्मदर्शकात पाहत ‘झाले वाटते’ म्हणून थांबवलेला डॅब पुढे मोजता येत नाही. डॅबपासून कर्करोगाचा धोका संभवतो, म्हणून हातमोजे घाला आणि सांडपाणी वेगळे साठवा.

८. हिमॅटॉक्सिलीन (केंद्रके निळी करणारा रंग) हलके द्या, ३० सेकंद ते १ मिनिट. ते गडद झाले तर केंद्रकातला फिका ईआर निळ्यात बुडतो. निर्जलीकरण करून कव्हरस्लिप लावा.

नियंत्रणे

प्रत्येक फेरीत एक पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह आणि एक मधला नमुना हवा. मधला सर्वात महत्त्वाचा. गडद नियंत्रण अँटिबॉडी निम्मी झाली तरी गडदच दिसते, बिघाड आधी फिक्या नमुन्यात उमटतो. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींच्या गोळ्यांचे ब्लॉक करून ठेवले तर वर्षानुवर्षे कामी येतात: हर-२ साठी एसके-बीआर-३ गडद, एमडीए-एमबी-१७५ फिकी, एमडीए-एमबी-२३१ कोरी. एमडीए-एमबी-४६८ मध्ये पीटेन नसतो आणि ईजीएफआर भरपूर असतो, म्हणून एकाच ब्लॉकवर एकाचे निगेटिव्ह आणि दुसऱ्याचे पॉझिटिव्ह नियंत्रण मिळते.

फॉस्फो-अँटिबॉडीची खरी परीक्षा फॉस्फेट काढून घेण्यात आहे. शेजारचे दोन सेक्शन घ्या. प्रतिजन मोकळे केल्यावर एकावर लॅम्डा फॉस्फटेज (फॉस्फेट काढणारे एन्झाइम) आणि दुसऱ्यावर नुसता त्याचा बफर ३७ अंशांना सुमारे दोन तास ठेवा, मग दोन्ही सारखेच रंगवा. पहिल्यात रंग गेला पाहिजे. गेला नाही तर ती अँटिबॉडी फॉस्फेट ओळखत नाही, दुसरेच काही ओळखते आहे. एवढी एक चाचणी केली असती तर बरेच निबंध लिहिले गेले नसते.

गाठीच्या आसपासची निरोगी ऊती ही फुकटची साक्षीदार आहे. निरोगी नलिकांतल्या काही पेशी ईआर पॉझिटिव्ह असायलाच हव्यात. गाठ निगेटिव्ह आणि नलिकाही कोऱ्या असतील तर चाचणी पुन्हा करा. निरोगी नलिका हर-२ साठी ठळक तपकिरी झाल्या तर फेरी रद्द. पीटेन वाचताना रक्तवाहिन्यांचे अस्तर आणि संयोजी ऊतीतल्या पेशी रंगलेल्या आहेत का ते आधी पाहा. त्या कोऱ्या असतील तर ‘पीटेन हरवला’ असे लिहिता येत नाही.

वाचन आणि गुण

फक्त आक्रमक भाग, म्हणजे नलिकेबाहेर पसरलेला कर्करोग, वाचा. नलिकेतच राहिलेला कर्करोग अनेकदा हर-२ साठी झळाळून उठतो आणि डोळा तिकडेच ओढला जातो. शेजारी हिमॅटॉक्सिलीन-इओसिनची स्लाइड ठेवून आक्रमक भागाची सीमा पेनने आखून घ्या. चेचलेल्या पेशी, सेक्शनची कड आणि मेलेला भाग सोडा.

ईआर आणि पीआर: १ टक्का किंवा जास्त पेशींची केंद्रके कितीही फिकी रंगली तरी पॉझिटिव्ह. ईआर १ ते १० टक्के असेल तर ‘कमी पॉझिटिव्ह’ असे वेगळे नोंदवा, कारण या गटातल्या बऱ्याच गाठी वागायला ईआर निगेटिव्हसारख्या असतात. ऑलरेड पद्धतीत प्रमाणाला ० ते ५ आणि तीव्रतेला ० ते ३ गुण देऊन बेरीज करतात, ३ किंवा अधिक म्हणजे पॉझिटिव्ह. संशोधनासाठी एच-स्कोअर जास्त उपयोगी: फिक्या पेशींची टक्केवारी गुणिले १, मध्यम गुणिले २, गडद गुणिले ३, आणि बेरीज. ३० टक्के फिक्या, ४० टक्के मध्यम, १० टक्के गडद असतील तर ३० अधिक ८० अधिक ३०, म्हणजे १४०. कमाल ३००.

हर-२: फक्त पडदा वाचा, पेशीद्रवातला रंग सोडून द्या. १० टक्क्यांहून अधिक पेशींत पूर्ण वर्तुळाकार, गडद रंग म्हणजे ३+. १० टक्क्यांहून अधिक पेशींत पूर्ण पण फिका ते मध्यम रंग म्हणजे २+, आणि मग जनुकचाचणी. जेमतेम दिसणारा, अपुरा रंग १० टक्क्यांहून अधिक पेशींत असेल तर १+. त्याहून कमी म्हणजे ०. जनुकचाचणीत हर-२ आणि गुणसूत्र १७ च्या प्रतींचे गुणोत्तर २.० किंवा जास्त आणि पेशीमागे सरासरी ४.० किंवा जास्त प्रती असतील तर निकाल निर्विवाद पॉझिटिव्ह. ० आणि १+ मधला फरक पूर्वी कोणी मनावर घेत नसे. २०२२ मध्ये ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकानचा फायदा हर-२ कमी असलेल्या पसरलेल्या आजारातही दिसला आणि ही सीमा उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाची झाली. म्हणून ती ४० पट भिंगाखाली, नियंत्रण शेजारी ठेवून वाचा. पण ‘हर-२ कमी’ हा वेगळ्या अंदाजाचा वेगळा आजार आहे असे त्यावरून म्हणू नका.

केआय-६७: तीव्रता विसरा, केंद्रक तपकिरी की नाही एवढेच मोजा. निदान ५०० आक्रमक पेशी, तपकिरी केंद्रके दाटलेल्या एकाच ठिकाणी डोळा न लावता वेगवेगळ्या भागांतून. लिम्फोसाइट चुकून मोजले जातात, तेवढे सांभाळा. आंतरराष्ट्रीय कार्यगटाने २०२१ मध्ये सांगितलेली मर्यादा व्यवहारात सर्वात सुरक्षित आहे: ईआर पॉझिटिव्ह, हर-२ निगेटिव्ह, सुरुवातीच्या आजारात ५ टक्के किंवा कमी आणि ३० टक्के किंवा जास्त या दोन टोकांवर भरवसा ठेवावा. मधल्या पट्ट्यात दोन वाचकांचे आकडे सहज वेगळे येतात. १४ आणि १६ यांतल्या फरकावर केमोथेरपीचा निर्णय टांगणे धोक्याचे आहे.

पी-एकेटी आणि पी-ईआरके: केंद्रक आणि पेशीद्रव यांचे एच-स्कोअर वेगळे लिहा, नंतर हवे तर एकत्र करा. रंग फक्त सेक्शनच्या कडेला आणि आत कोरे असे दिसले तर गाठीच्या वैविध्याआधी फॉर्मलिनचा संशय घ्या. असे नमुने ‘वाचता येत नाही’ या रकान्यात टाका, शून्यात नको.

निकाल आणि गाठीचा चेहरा जुळतो का हे शेवटी पाहाच. पहिल्या ग्रेडचा (पेशी निरोगी पेशींच्या सर्वात जवळच्या दिसणारा) ट्युब्युलर, म्युसिनस किंवा ठरावीक रूपाचा लोब्युलर कर्करोग ईआर निगेटिव्ह किंवा हर-२ ३+ आला तर दुसऱ्या ब्लॉकवर पुन्हा करा. इथे चूक प्रयोगशाळेची असण्याची शक्यता जास्त.

दोन वाचक हवेत. दोघांनी स्वतंत्रपणे, रुग्णाचे पुढे काय झाले हे माहीत नसताना वाचावे. दोघांचे किती जुळते हे पाहायला वर्गवारीसाठी ‘कॅप्पा’ आणि आकड्यांसाठी ‘आयसीसी’ हा निर्देशांक काढा. टिश्यू मायक्रोॲरे (अनेक गाठींचे बारीक गाभे एकाच ब्लॉकमध्ये) वापरत असाल तर ०.६ किंवा १ मिलिमीटरचे निदान दोन-तीन गाभे घ्या, एक मधून आणि एक कडेजवळून. ठिपक्याठिपक्याने येणाऱ्या पी-ईआरकेसाठी मायक्रोॲरे टाळलेली बरी.

आकडेमोड

आधी घटना मोजा, रुग्ण नंतर. अभ्यासाची ताकद, म्हणजे खरा फरक पकडण्याची शक्यता, पुन्हा उलटलेल्या आजारांच्या किंवा मृत्यूंच्या संख्येतून येते. धोका दुप्पट होतो असे पकडायचे असेल, ८० टक्के ताकद आणि ५ टक्के पातळी ठेवली, आणि मार्कर निम्म्या रुग्णांत पॉझिटिव्ह असेल, तर सुमारे ६५ घटना लागतात. मार्कर २० टक्क्यांतच पॉझिटिव्ह असेल तर १०२. दहा वर्षांत पाचातल्या एकीचा आजार उलटतो असे धरले तर १०२ घटनांसाठी ५०० हून अधिक रुग्ण हवेत. धोका फक्त दीडपट असेल तर निम्म्या-निम्म्या वाटणीतही घटना १९० च्या घरात जातात. ऐंशी रुग्णांच्या संचातून ‘स्वतंत्र मार्कर’ बाहेर आला की तो आकडा दोनदा तपासा.

सीमारेषा डेटा पाहून ठरवू नका. सगळ्या सीमा करून पाहून सर्वात लहान पी (काहीच फरक नसतानाही असा निकाल येण्याची शक्यता) देणारी निवडली तर ५ टक्के म्हणून मानलेली खोट्या निकालाची शक्यता ४० टक्क्यांच्या आसपास जाऊ शकते. एच-स्कोअर सलग आकडा म्हणूनच कॉक्स मॉडेलमध्ये (घटनेपर्यंतच्या काळावरून धोक्याचे गुणोत्तर काढणाऱ्या) घाला, संबंध सरळ नसून वक्र असेल तर स्प्लाइन (वाकणारी रेषा) वापरा. दोन गट हवेतच असतील तर सीमा आधी लिहून ठेवा किंवा मध्यांक घ्या. तसेच पाच प्रथिने, तीन घटना आणि दोन उपगट तपासले तर ३० चाचण्या होतात. त्या एकमेकींपासून स्वतंत्र असतील तर काहीच खरे नसतानाही निदान एक ‘महत्त्वाची’ निघण्याची शक्यता ७९ टक्के आहे. म्हणून मुख्य चाचणी एकच ठरवा.

मॉडेलमध्ये वय, गाठीचा आकार, काखेतल्या बाधित लसिका गाठींची संख्या, ग्रेड, ईआर, हर-२ आणि उपचार आधी घाला. नवा मार्कर शेवटी घालून लाइकलिहुड रेशो चाचणी (त्याच्यामुळे मॉडेल खरोखर सुधारले का हे पाहणारी) करा. त्याचा एकट्याचा पी लहान असणे पुरेसे नाही, आधीच्या सगळ्यांवर तो काय भर घालतो ते दाखवा. पीटेनचा परिणाम ग्रेड घातल्यावर नाहीसा झाला तर तो ग्रेडचीच गोष्ट वेगळ्या रंगात सांगत होता.

कॉक्स मॉडेल धरून चालते की धोक्याचे गुणोत्तर सगळी वर्षे सारखेच असते. स्तनाच्या कर्करोगात हे गृहीतक मोडते. ईआर निगेटिव्ह आजार बहुतेक पहिल्या काही वर्षांत उलटतो, तर ईआर पॉझिटिव्ह आजार पाच वर्षांनंतरही वर्षानुवर्षे उलटत राहतो. त्यामुळे तीन वर्षांच्या पाठपुराव्यात ईआर फार मोठा रक्षक वाटतो, पंधरा वर्षांच्या पाठपुराव्यात तितका नाही. हे गृहीतक टिकते का पाहायला शोनफेल्ड रेसिड्युअल तपासा, वक्र एकमेकांना छेदतात का ते पाहा, आणि गरज पडली तर पहिली पाच वर्षे आणि नंतरची वर्षे वेगळी करा. वयस्कर रुग्णांत इतर कारणांनी होणारे मृत्यू खूप असतात, तिथे स्पर्धक धोक्यांची (ते मृत्यू वेगळे धरणारी) पद्धत लावा, नाहीतर कर्करोगाचा धोका फुगून दिसतो.

आणखी एक फसवी जागा म्हणजे हरवलेले नमुने. मोठ्या गाठींचे ब्लॉक उरतात, लहान गाठींची ऊती आधीच्या चाचण्यांत संपते. मग तुमच्या संचात आजार मूळ समूहापेक्षा गंभीर दिसतो. किती रुग्ण निवडले, किती ब्लॉक मिळाले, किती वाचता आले, किती विश्लेषणात गेले हे आकृतीने दाखवा. वगळलेल्या रुग्णांचे वय, आकार आणि ग्रेड शेजारच्या रकान्यात द्या. मार्कर अभ्यासात काय काय नोंदवावे याची २००५ ची रिमार्क यादी आहे, तिच्यात २० मुद्दे आहेत. ती निबंध लिहिताना उघडण्यापेक्षा अभ्यास आखतानाच भिंतीवर लावा.

रिपोर्टात काय लिहावे

क्लोन, बफर, यंत्र, फॉर्मलिनचे तास, नमुन्याचा प्रकार, टक्केवारी, तीव्रता आणि नियंत्रणांचा निकाल. ‘पॉझिटिव्ह’ हा एकटा शब्द पाच वर्षांनी कोणाच्याच कामाचा नसतो, ‘ईआर ८० टक्के, मध्यम ते गडद’ हे असते. २०१८ पासून लागू असलेल्या एजेसीसीच्या (कर्करोगाच्या पायऱ्या ठरवणाऱ्या अमेरिकी समितीच्या) आठव्या आवृत्तीत रोगाच्या पायरीत (स्टेजमध्ये) ग्रेड, ईआर, पीआर आणि हर-२ यांचाही हिशेब धरला जातो, त्यामुळे हे चार आकडे गाळले तर पायरीच चुकते. फॉस्फो-प्रथिनांचा निकाल रोजच्या रिपोर्टात घालू नका. डॉक्टर तो वाचतील, रुग्ण विचारेल, आणि त्यावरून उपचार बदलावा इतका पुरावा नाही. तो संशोधनाच्या नोंदवहीत ठेवा, ब्लॉकच्या क्रमांकासह, आणि कोणत्या लॉटच्या अँटिबॉडीने रंगवला तेही तिथेच लिहा.